राष्ट्रपतींची सही : संकटकाळ, घटनात्मक अधिकार आणि आपण

संविधानाचा विषय निघाला म्हणजे आपल्या अभ्यासवर्गात उद्देशिका, मूलभूत हक्क, कलम १७ आणि राखीव जागा यांवर भरपूर बोलले जाते. ते योग्यच आहे. परंतु घटनेच्या अठराव्या भागाकडे, म्हणजे आणीबाणीविषयक तरतुदींकडे, आपण सहसा वळत नाही. अशाच एका वर्गात एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, "राष्ट्रपती हे देशाचे प्रथम नागरिक आणि तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापती. मग १९७५ साली आणीबाणीच्या कागदावर सही करायला त्यांनी नकार का दिला नाही?" त्या दिवशी समाधानकारक उत्तर कोणालाच देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक अल्पसा प्रयत्न आहे.

१) बाबासाहेबांनी कल्पिलेला राष्ट्रपती

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. त्या भाषणात त्यांनी राष्ट्रपतिपदाचे स्वरूप स्पष्ट केले. अमेरिकेच्या अध्यक्षाचे नाव घेतले असले तरी त्याचे अधिकार येथे घेतलेले नाहीत. आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राज्य करीत नाही. राज्य चालविते ते लोकसभेला जबाबदार असणारे मंत्रिमंडळ.

हे असे का केले, हे समजून घेतले पाहिजे. एखादा सज्जन आणि खंबीर राष्ट्रपती असता तर देशाचे भले झाले असते, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. पण १९५१ सालची आठवण ठेवावी. हिंदू कोड बिलाला तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांचा विरोध होता. या बिलाबाबत आपण स्वतःच्या मताने वागू इच्छितो, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना कळविले. ॲटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी मात्र राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे, असा अभिप्राय दिला. ते बिल पुढे वेगळ्या कारणांनी रखडले आणि बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हा इतिहास आपणांस ठाऊक आहेच. मुद्दा असा की, राष्ट्रपती सज्जन असला तरी त्याचे वैयक्तिक मत हे संसदेच्या वरचढ होऊ लागले, तर त्याची झळ प्रथम दुर्बलांच्या हक्कांना लागू शकते. म्हणून राष्ट्रपतीला सल्ल्याने बांधले ते योग्यच झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या ऑगस्टमध्ये शमशेरसिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठासमोर हीच भूमिका कायम केली.

तर मग राष्ट्रपतीच्या हाती काहीच नाही का? आहे. घटनेचे कलम ७८ फार थोडे लोक वाचतात. या कलमानुसार राष्ट्रपती पंतप्रधानांकडून कारभाराची माहिती मागवू शकतात. शिवाय, एखाद्या मंत्र्याने निर्णय घेतला आहे पण मंत्रिपरिषदेने त्याचा विचार केलेला नाही, असे आढळल्यास तो विषय मंत्रिपरिषदेपुढे ठेवा, असे राष्ट्रपती सांगू शकतात. हे कलम १९५० पासून घटनेत आहे. राष्ट्रपतीला 'नाही' म्हणता येत नाही, पण 'सर्वांनी बसून विचार केला आहे का?' असे विचारता येते. हा अधिकार दिसायला लहान आहे. त्याची खरी किंमत संकटाच्या वेळी कळते.

२) २५ जूनची रात्र

कलम ३५२ खालील पहिली आणीबाणी २६ ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी आक्रमणामुळे जाहीर झाली. तेव्हा राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन होते. दुसरी ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाल्यावर जाहीर झाली. तेव्हा व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती होते. ही दुसरी आणीबाणी १९७५ च्या जूनमध्येही उठविलेली नव्हती, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली. २४ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाचे सुटीकालीन न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५ जून रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली. त्याच दिवशी श्रीमती गांधी या पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर रे यांच्यासह राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटल्या. त्यानंतर पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपती भवनात गेले. अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे, हा विषय मंत्रिमंडळापुढे नेण्याची आपली इच्छा होती, पण आज रात्री ते शक्य नाही, सकाळी सर्वप्रथम मंत्रिमंडळाला कळवू, असा त्या पत्राचा आशय होता. कामकाज नियमावलीतील नियम १२ नुसार पंतप्रधानांना नियमांतून सूट घेता येते, त्याचा आधार घेण्यात आला होता. राष्ट्रपतींनी त्याच रात्री उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक २६ जूनला सकाळी सहा वाजता झाली आणि झालेल्या गोष्टीला मान्यता देऊन संपली.

आम्ही बँकेत नोकरी करणारे एक साधा नियम पाळतो. व्हाऊचर लिहिणारा एक आणि ते पास करणारा दुसरा. पास करणाऱ्याला रक्कम बदलता येत नाही की खातेदार बदलता येत नाही. पण कागद अपुरा असेल तर तो परत पाठविणे हे त्याचे कामच असते. 'साहेब घाईत आहेत' हे पास करण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट घाई दिसली की कागद दोनदा पाहावा, असे जुने लोक शिकवितात.

त्या रात्री राष्ट्रपतींसमोर आलेला कागद अपुरा होता. घटनेने राष्ट्रपतीला बांधले आहे ते मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने. येथे मंत्रिपरिषद बसलेलीच नव्हती. मंत्रिमंडळाला एका तासात बोलवा, मी जागा आहे, एवढे जरी ते म्हणाले असते तरी घटनेचा भंग झाला नसता. उलट कलम ७८ चे पालन झाले असते. युद्धाची आणीबाणी अगोदरच चालू असताना दुसरी कशासाठी, हाही प्रश्न विचारता आला असता. कदाचित मंत्रिमंडळाने तेव्हाही होकारच दिला असता. पण ज्यांना सकाळी केवळ मान हलवावी लागली, त्यांना रात्री आपले मत नोंदवावे लागले असते. फक्रुद्दीन अली अहमद हे स्वतः कायद्याचे शिक्षण घेतलेले, अनुभवी गृहस्थ होते. म्हणून या सहीचा दोष अज्ञानावर टाकता येत नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे आहे : त्यांना नकार देण्याचा अधिकार नव्हता, परंतु विचारण्याचा अधिकार होता आणि तो त्यांनी वापरला नाही.

३) एका सहीची किंमत

एकदा सही झाल्यावर बाकीची दारे आपोआप बंद होत गेली. त्याच रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली. जयप्रकाश, मोरारजी देसाई आदी नेते पहाटेपर्यंत अटकेत गेले. २७ जून रोजी कलम ३५९ खाली राष्ट्रपतींचा दुसरा आदेश निघाला आणि कलम १४, २१ व २२ यांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. जुलैमध्ये संसदेने आणीबाणीला संमती दिली, तेव्हा विरोधी पक्षांचे अनेक सदस्य तुरुंगात होते. त्यानंतर अडतिसावी घटनादुरुस्ती करून राष्ट्रपतींची 'खात्री' ही न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेण्यात आली. १० डिसेंबर १९७५ च्या 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र आले. त्यात राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसूनच वटहुकमांवर सही करीत आहेत, असे दाखविले होते. राष्ट्रपतिपदाची काय अवस्था झाली होती, हे त्या चित्राने सांगितले.

पुढे शाह आयोगाने केलेल्या नोंदीनुसार सुमारे ३५ हजार लोक 'मिसा' कायद्याखाली स्थानबद्ध झाले होते. त्यांच्यापैकी काहींनी उच्च न्यायालयांत बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकता येतात असे म्हटले, त्यांत आपले मुंबई उच्च न्यायालयही होते. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने उलट निकाल दिला. राष्ट्रपतींचा आदेश असेपर्यंत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद, असा त्याचा अर्थ झाला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. १९७७ च्या जानेवारीत त्यांची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतात असलेल्यांपैकी न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड हे पुण्याचे. चाळीस वर्षांनंतर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात हा निकाल चुकीचा म्हणून पुसला गेला, तेव्हा तसे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र होते. घटना चूक दुरुस्त करू शकते, पण तिला केवढा काळ लागतो तेही यावरून दिसते.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की, कलम ३२ ला बाबासाहेबांनी घटनेचे हृदय आणि आत्मा म्हटले होते. त्या कलमाने जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांसाठी ठोठावयाचे दार एका रात्रीच्या सहीपासून सुरू झालेल्या मालिकेत बंद झाले. ज्या समाजाजवळ पैसा नाही, जमीन नाही, वर ओळख नाही, त्याच्याजवळ न्यायालयाचे हे दार एवढीच मालमत्ता असते.

४) घटनेने घेतलेला धडा

आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. त्यापूर्वी, ११ फेब्रुवारी १९७७ रोजी, राष्ट्रपती अहमद पदावर असतानाच निधन पावले होते. पुढे जनता सरकारच्या काळात १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. परीक्षेच्या दृष्टीनेही तिचे पुढील मुद्दे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत :

अ) 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून त्या जागी 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले.

आ) केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याशिवाय राष्ट्रपतींनी उद्घोषणा काढू नये, असे स्पष्ट केले.

इ) संसदेची संमती दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात आणि विशेष बहुमताने घेणे आवश्यक केले. पुढे दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते.

ई) कलम २० आणि २१ यांचे हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत.

उ) राष्ट्रपतींची 'खात्री' न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारी तरतूद रद्द केली.

ऊ) कलम ७४ मध्ये अशी भर घातली की, राष्ट्रपती मंत्रिपरिषदेचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र त्यांना बंधनकारक राहील.

यांतील शेवटचा मुद्दा आपल्या विषयाचा गाभा आहे. बेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७६ साली सल्ला निःसंदिग्धपणे बंधनकारक केला होता. ते बंधन चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढले नाही. एकदा थांबून विचारण्याची मुभा तेवढी शब्दांत लिहून दिली.

५) परत गेलेले दोन प्रस्ताव

या मुभेचा अर्थ देशाला दाखवून दिला तो राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी. केरळमधील उळवूर गावच्या एका गरीब दलित कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ २५ जुलै १९९७ रोजी राष्ट्रपती झाले. देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेले ते पहिले दलित. त्यांची कसोटी तीन महिन्यांतच लागली.

२१ ऑक्टोबर १९९७ रोजी उत्तर प्रदेश विधानसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी हाणामारी झाली. मुख्यमंत्री कल्याणसिंग यांनी बहुमत सिद्ध केल्याचे जाहीर झाले. राज्यपाल रोमेश भंडारी यांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने तसा सल्ला राष्ट्रपतींना दिला. नारायणन यांनी तो फेरविचारासाठी परत पाठविला. मंत्रिमंडळाने पुन्हा विचार करून तो विषय सोडून दिला.

याला १९९४ च्या बोम्मई खटल्याच्या निकालाचा भक्कम आधार होता. सरकारला बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, विधानसभेत ठरावे, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले होते. कलम ३५६ विषयी बाबासाहेबांनी १९४९ सालीच अपेक्षा व्यक्त केली होती की, हे कलम कागदावरच राहावे आणि वापरण्याची वेळ आलीच तर राष्ट्रपतींनी आधी त्या प्रांताला इशारा द्यावा. प्रत्यक्षात १९५१ साली पंजाबपासून सुरुवात होऊन हे कलम शंभराहून अधिक वेळा वापरले गेले.

दुसरा प्रसंग आपल्या मनाला अधिक पेचात टाकणारा आहे. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळाने बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला दिला. बिहारमध्ये तेव्हा रणवीर सेनेकडून दलितांची हत्याकांडे होत होती. १ डिसेंबर १९९७ रोजी लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ जणांची कत्तल झाली होती आणि नारायणन यांनी ती राष्ट्राला लाजिरवाणी घटना म्हटली होती. तरीही त्यांनी १९९८ चा प्रस्ताव परत पाठविला. राज्य सरकारचा कारभार वाईट असणे आणि राज्यातील घटनात्मक यंत्रणा कोसळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यामागील विचार होता. मंत्रिमंडळाने तेव्हा आग्रह धरला नाही.

त्यानंतर १९९९ च्या जानेवारीत शंकरबिघा आणि फेब्रुवारीत नारायणपूर येथे पुन्हा दलितांची हत्याकांडे झाली. मंत्रिमंडळाने पुन्हा सल्ला दिला. या वेळी नारायणन यांनी सही केली आणि १२ फेब्रुवारी १९९९ रोजी बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट आली. पण राज्यसभेत सरकारला बहुमत नव्हते. त्यामुळे ८ मार्च रोजी ती मागे घ्यावी लागली आणि राबडीदेवींचे मंत्रिमंडळ परत आले.

येथे आपल्यापैकी काहीजण विचारतील की, दलित राष्ट्रपतीने दलितांच्या रक्षणासाठी पहिल्याच वेळी सही का केली नाही? हा प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये. मेलेल्यांच्या आप्तांना घटनेचे बारकावे सांगून समाधान होत नाही. परंतु विचार करावा. आज आपल्या दुःखासाठी नियम वाकविला, तर उद्या त्याच वाकविलेल्या नियमाने दुसरा कोणी आपले निवडून दिलेले सरकार घालवील. त्या वेळी आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार? शिवाय राष्ट्रपती राजवट आली काय नि गेली काय, गावातील भूमिहीन मजुराला संरक्षण मिळते ते पोलीस ठाण्यात, तपासात आणि न्यायालयात. त्या तिन्ही ठिकाणी कोण उणे पडले, हा प्रश्न आपण लावून धरला पाहिजे. नारायणन यांनी पहिल्या वेळी विचारले आणि दुसऱ्या वेळी मान्य केले. दोन्ही वेळी ते घटनेच्या चौकटीत राहिले.

६) तीन वेळा विचारण्याची परंपरा

२५ नोव्हेंबर १९४९ च्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी एक गोष्ट सांगितली, ती धम्मबांधवांनी विशेष लक्षात ठेवावी. संसदीय कार्यपद्धती भारताला परकी नाही. भिक्खू संघात आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम होते, असे ते म्हणाले. विनयात महत्त्वाच्या कामासाठी 'ञत्तिचतुत्थ' कर्म सांगितले आहे. प्रथम संघापुढे ञत्ति म्हणजे प्रस्ताव ठेवायचा. त्यानंतर तीन वेळा विचारायचे : ज्या आयुष्मंतांना हे मान्य असेल त्यांनी मौन राखावे, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे. तीन वेळा विचारूनही संघ मौन राहिला तरच निर्णय झाला. उपसंपदा आजही याच पद्धतीने दिली जाते. थोर थेरालासुद्धा संघाला न विचारता हे कर्म करता येत नाही. २५ जूनच्या रात्री एकदाही विचारले गेले नाही, हे या तुलनेत ठळक दिसते.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी भक्तीचा धोकाही सांगितला. कितीही मोठा माणूस असला तरी त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये, राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. घटना कितीही चांगली असली तरी राबविणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरते, हेही त्यांनी बजावले. राष्ट्रपतिपद तेच, घटना तीच. १९७५ साली सही झाली आणि १९९७ साली कागद परत गेला. मधल्या काळात कलम ७४ मध्ये भर पडली हे खरे, पण ती भर वापरणारा माणूसही लागला.

समारोप

आता हा विषय दिल्लीवर सोडून चालणार नाही. आपल्या मंडळांत, पतसंस्थांत, विहार समित्यांत काय होते? सभा न घेताच ठराव लिहिला जातो आणि घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या जातात. 'अध्यक्षांनी सांगितले आहे, करा सही' असे म्हटले की आपण पेन काढतो. प्रत्येक वेळी हेतू वाईट असतो असे नाही, बहुधा घाईच असते. पण १९७५ चा कागदही घाईच्याच नावाने पुढे आला होता. म्हणून सही करण्यापूर्वी 'सभा झाली का? सर्वांना विचारले का?' एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. असे विचारणाऱ्याला कार्यकर्त्यांनी विरोधक समजू नये. तो संस्थेचे रक्षणच करीत असतो.

विद्यार्थी मित्रांना विनंती की, त्यांनी संविधानाच्या मराठी प्रतीतील कलम ७४, ७८ आणि ३५२ ते ३६० एकदा एकत्र बसून वाचावीत आणि आपल्या अभ्यासवर्गात त्यांवर चर्चा करावी. या लेखात काही उणे राहिले असल्यास तेही वर्गात बोलून दाखवावे.

जयभीम!